सहावीचा बँड, तिसरी क्लॅरिनेट आणि घरातली पेटी

अबोली

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते आहे, सांभाळून घ्या.

आमची लेक यंदा सहावीला, म्हणजे इथल्या अमेरिकन मिडल स्कूलच्या पहिल्या वर्षाला गेली. बँड, ऑर्केस्ट्रा नाहीतर कॉयर यांतलं एक निवडायचं होतं, तिने बँड घेतला. तिच्या मनात फ्लूट होती. पाचवी संपताना वाद्यं हाताळून बघायला शाळेने बोलावलं, तेव्हा बँडच्या बाईंनी फ्लूटचा वरचा तुकडा तिच्या हातात दिला. पाच मिनिटं नुसता वारा. मग क्लॅरिनेटचं माउथपीस दिलं, आणि पहिल्याच फुंकरीला खणखणीत सूर. बाईंनी कागदावर क्लॅरिनेट लिहून टाकलं. घरी येताना लेक गाडीत गप्प होती. पण वाद्य भाड्याने घरी आलं त्या संध्याकाळी तिने त्याचे पाचही तुकडे चादरीवर ओळीने मांडले आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसली.

आता सात आठवडे झालेत. माझे प्रश्न असे.

वाजवता वाजवता मध्येच वाद्य असं किंचाळतं की ती स्वतःच दचकते. काल तिने ते खाली ठेवलं आणि म्हणाली, "आई, माझ्याच्याने नाही होणार."

मी लहानपणी पेटी शिकले आहे, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. म्हटलं, तिच्याबरोबर पेटीवर सूर धरावेत. तिच्या पुस्तकात सी लिहिला होता, मी पांढरी एक, म्हणजे पेटीवरची सी ची पट्टी, दाबली. दोघींचे सूर एकमेकांशी भांडायलाच लागले. मोबाइलमधल्या ट्यूनरवर तपासलं, पेटी बरोबर आहे. मग क्लॅरिनेट बिघडलेली आहे का?

आणि सगळ्यात जास्त सलतंय ते हे: परवा बाईंनी गाण्याचे भाग वाटले. हिला तिसरी क्लॅरिनेट मिळाली. मी तो कागद वाचला. त्यात चाल अशी नाहीच. एकच सूर चार-चार मात्रा, मग आठ मेझर (म्हणजे चार-चार मात्रांचे आठ खंड) गप्प, मग पुन्हा जवळजवळ तोच सूर. हिच्या मैत्रिणीला पहिली क्लॅरिनेट आहे, तिच्या कागदावर अख्खी चाल आहे. लेक म्हणते, "मी वाईट वाजवते म्हणून मला तिसरी दिली." यावर काय बोलावं मला सुचलं नाही. खासगी शिकवणी लावू का? की थोडं थांबू?

---

निनाद_७

आमच्याकडे फ्रेंच हॉर्न आहे, पण सूर न जुळण्याची कथा अगदी हीच. माझा मुलगा म्हणतो "सी वाजवतोय" आणि कीबोर्डवर भलतंच काहीतरी निघतं. धागा वाचत राहतो.

---

षड्जपंचम

अबोली, मी नऊ वर्षं मिडल स्कूलच्या मुलांना बँड शिकवते आहे आणि स्वतः क्लॅरिनेटवालीच आहे, त्यामुळे तुमचं पोस्ट वाचून लगेच लिहायला बसले. एकेक घेते.

तुमची क्लॅरिनेट बिघडलेली नाही. पेटीही बरोबर आहे. तुम्ही पेटी शिकला आहात म्हणून तुम्हाला हे इतर पालकांपेक्षा लवकर कळेल. गायक काळी एकमध्ये गातो, गायिका काळी चारमध्ये गाते, दोघंही आपापल्या सुराला 'सा'च म्हणतात ना? बँडमधली बरीच वाद्यं तशीच वागतात. प्रत्येकाचा लिहिलेला 'सी' म्हणजे त्याचा स्वतःचा सी. क्लॅरिनेटचा आणि ट्रम्पेटचा सी पेटीवर काळी पाच निघतो. आल्टो सॅक्सोफोनचा सी म्हणजे काळी दोन. फ्रेंच हॉर्नचा पांढरी चार (निनाद, हे तुमच्यासाठी). फ्लूट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा यांचा सी मात्र पेटीसारखाच, पांढरी एक.

तुम्ही पांढरी एक धरलीत, लेकीने काळी पाच वाजवली. दोन शेजारचे सूर एकत्र वाजले की ते भांडणारच. उद्या काळी पाच दाबून बघा.

ही अशी व्यवस्था का, हे मुलं मला दरवर्षी विचारतात. सॅक्सोफोनचं उदाहरण सोपं पडतं. आडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याने एक वाद्य नाही, लहानमोठ्या वाद्यांचं अख्खं कुटुंब मांडलं होतं. लहान वाद्याचा सूर उंच, मोठ्याचा खाली. पण कागदावर सी दिसला की सगळ्यांवर बोटं एकाच जागी पडतात. आज आल्टो वाजवणारं मूल उद्या टेनर उचलू शकतं, बोटं नव्याने शिकायला नकोत. हिशेबाची कटकट लिहिणाऱ्याने सोसायची, वाजवणाऱ्याने नाही.

बँडच्या वर्गात बाई "कॉन्सर्ट बी फ्लॅट" म्हणतात, त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून काळी पाच. मग क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट आपला सी वाजवतात, आल्टो सॅक्स आपला जी, हॉर्न आपला एफ. कागदावर चार नावं, कानाला एक सूर. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळं काळी पाचच्या आसपास चालतं, कारण ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनला तो सूर कुठलाही व्हॉल्व्ह न दाबता, नळी न सरकवता मिळतो.

किंचाळण्याबद्दल आणि तिसऱ्या क्लॅरिनेटबद्दल रात्री लिहिते. तिसऱ्या क्लॅरिनेटबद्दल मला खूप काही सांगायचं आहे.

---

अबोली

काळी पाच धरली. जुळला! लेक वाजवताना डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. सात आठवडे मी तिला "काहीतरी चुकतंय" म्हणत होते, त्याचं आता फार वाईट वाटतंय. तिला तसं सांगितलंही.

---

सई_आणि_ट्रम्पेट

वाद्याबद्दल एक सांगते, कारण आम्ही यात पोळलो आहोत. मुलासाठी भाड्याने न घेता ऑनलाइन एक चकचकीत, फारच स्वस्त ट्रम्पेट मागवला. महिन्याभरात मधला व्हॉल्व्ह अडकायला लागला. दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने उलटसुलट करून बघितला आणि सांगितलं की याचे सुटे भाग मिळत नाहीत आणि धातू इतका मऊ आहे की मी ठोकायला गेलो तर आणखी वाकेल. मूल मात्र तो महिनाभर समजत होतं की आपल्या बोटांतच जोर नाही. त्याच्या शिक्षकांनी दिलेल्या यादीतलं जुनं, वापरलेलं वाद्य घेतलं आणि आठवड्यात फरक पडला. शिक्षकांना विचारल्याशिवाय वाद्य घेऊ नका. भाड्याने घेत असाल तर दुरुस्ती त्यात धरलेली आहे का तेवढं बघा.

आणखी एक. व्हॉल्व्हला तेल घालायला तिन्ही बाहेर काढले आणि परत घालताना पहिला आणि तिसरा यांची अदलाबदल झाली, तर ट्रम्पेटमधून फुंकर आरपार जातच नाही. बहुतेक व्हॉल्व्हवर आकडे कोरलेले असतात. एका वेळी एकच काढायचा.

---

षड्जपंचम

सई, अगदी खरं. दर वर्षी एक-दोन मुलं अशी येतात की दोष वाद्याचा आणि रडतं मूल.

आता किंचाळणं. अबोली, आधी रीड बघा. उजेडात धरा. टोकाला इतकुसा टवका उडालेला असला, केसाएवढी चीर असली, तरी ती रीड संपली. रीड ही शेवटी बोरूची पातळ पट्टी आहे, कोरडी असेल तर नीट थरथरत नाही, म्हणून लावायच्या आधी मिनिटभर तोंडात धरून ओली करायची. माउथपीसवर बसवताना रीडच्या टोकाच्या वर माउथपीसची काळी कड केसाएवढीच दिसली पाहिजे. नवशिक्यांना दोन किंवा अडीच नंबरची रीड पुरते. तीन-चार रीड आलटून पालटून वापरा. वाजवून झालं की पुसून रीडच्या डबीत ठेवायची, माउथपीसवर तशीच सोडायची नाही. सोडली की ती वाकडी होते आणि काही दिवसांनी तिच्यावर बुरशी धरते.

रीड चांगली असेल तर उजव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका बघा. अकरा वर्षांच्या मुलीचं बोट बारीक असतं, ते भोक पूर्ण झाकत नाही, कडेला सुईएवढी फट राहते आणि तेवढी फट पुरते. बोटाच्या टोकाने नाही, पेराच्या मऊ भागाने झाकायचं. वाजवून झाल्यावर तिची बोटं बघा. गोल वळ उमटलेले असतील तर बोटं बसतायत. वळ अर्धा असेल तर उत्तर तिथेच आहे.

तिसरी गोष्ट जोडणी. वरचा आणि खालचा तुकडा जोडताना वरच्या तुकड्यावरच्या कड्या दाबून धरायच्या, म्हणजे सांध्यावरची पट्टी वर उचलली जाते. न दाबता पिळून बसवलं की ती पट्टी खालच्या पट्टीवर घासते, वाकते आणि मग खालचे सूर कधीच स्वच्छ येत नाहीत. कॉर्कला ग्रीस लावलेलं असलं तर जोर लावावाच लागत नाही.

आणि आता तुमच्या पेटीचा उपयोग. लेकीला फक्त माउथपीस आणि त्याच्या खालचा आखूड तुकडा, बॅरल, एवढंच जोडायला सांगा. बाकीची क्लॅरिनेट तिच्या खोक्यातच राहू दे. वरचे दात माउथपीसवर टेकवून, खालचा ओठ खालच्या दातांवरून किंचित आत घेऊन फुंकू दे. जो सूर येईल तो काळी तीनच्या जवळ हवा. खूप खाली येत असेल तर ओठांची पकड सैल आहे. वर चढत असेल तर ती दाताने चावते आहे, आणि चावणारी मुलं किंचाळतात. रोज दोन मिनिटं एवढंच करा.

---

अबोली

रीडच्या टोकाला टवका! आणि रीडच्या डबीत ज्या चार होत्या त्यातली एकच ती पहिल्या दिवसापासून वापरत होती, बाकी तीन "खराब होतील म्हणून" जपून ठेवलेल्या.

नवीन लावली. बोटांवरचे वळ बघितले, अनामिकेवर खरंच चंद्रकोर होती, पूर्ण गोल नाही. काळी तीनपेक्षा वर जात होती ती, म्हणजे चावत होती. आज संध्याकाळी दोनदाच किंचाळली.

---

धाकिट

मी तबला वाजवतो, मुलगा बँडमध्ये परकशनला. आम्हाला वाटलं ड्रम घेतला की ड्रम वाजवायचा. पण पहिल्या दिवशी हातात आली ती रबरी पॅड आणि बेल्स, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं छोटं वाद्य, पियानोसारखी मांडणी असलेलं. शिक्षकांचं म्हणणं, परकशनच्या मुलाला सूरही वाचता आला पाहिजे. सुरुवातीला मुलाची निराशा झाली. आता तो त्याच बेल्समुळे नोटेशन भरभर वाचतो.

मला गंमत वाटली ती त्यांच्या रुडिमेंट्सची. हाताच्या या घोटायच्या पलट्यांची ४० ची ठरलेली यादी आहे. पॅराडिडल म्हणजे उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. मी त्याच्या शेजारी बसून तोच पलटा बोलांत बसवून दिला आणि ठाय, दुगुन, चौगुन करत नेला. त्याला "वन ई अँड अ" मोजताना जे जमत नव्हतं ते तोंडाने बोलल्यावर जमलं. ज्यांच्या घरात आपल्याकडचं थोडं जरी संगीत आहे त्यांनी ते बाजूला ठेवू नका.

---

मोरपीस

थोडं वेगळं मत मांडते. आमच्या मोठीने सातवीनंतर बँड सोडला, फ्लूट होती. आम्ही खासगी शिकवणी लावली, रोज पाऊण तास घड्याळ लावून बसवलं, खुर्ची पहिली, म्हणजे फ्लूटवाल्यांतली सगळ्यात वरची जागा, यावी म्हणून मागे लागलो. तिने वाद्य परत दिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. मला आजही वाटतं, त्या पाऊण तासातला अर्धा वेळ कमी केला असता आणि आमचं तिथे उभं राहणं कमी केलं असतं, तर ती आज वाजवत असती. शिकवणी लावू नका असं नाही म्हणत. पण मूल स्वतः मागेल तेव्हा लावा.

---

षड्जपंचम

मोरपीस, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. पहिल्या वर्षी मी मुलांना रोज वीस मिनिटं सांगते, आणि रविवारी दीड तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं हजारपट बरी. ट्रम्पेट, हॉर्नवाल्यांना तर सलग वीसही नकोत. ओठ म्हणजे शेवटी स्नायू. मिनिटभर वाजवा, मिनिटभर थांबा. शिकवणी दुसऱ्या वर्षी बघू म्हटलं तरी काही बिघडत नाही. वरच्या वर्गातल्या क्लॅरिनेटवाल्या मुलीबरोबर आठवड्यातून एकदा बसली तरी पुष्कळ.

आता तिसरी क्लॅरिनेट.

काही शाळांत भाग परीक्षा घेऊन देतात, काही ठिकाणी फिरवतात. तुमच्या बाईंनी कसं केलं ते त्यांनाच विचारा, त्या सांगतील. पण भाग कसाही मिळाला असो, तिसरा भाग म्हणजे पहिल्या भागाची उतरंड नाही. आपल्याला हे समजायला जड जातं, मलाही गेलं. आपण गाणं ऐकत वाढलो ते एका गळ्याचं. मागे तंबोरा, बाजूला तबला आणि पेटी, पण गाणं एकाचं. त्यामुळे ज्याच्याकडे चाल त्याच्याकडे गाणं, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. बँडच्या गाण्यात चाल हा एक थर आहे, आणि खालचे थर काढले की तो थर उघडा पडतो.

हे सांगून पटत नाही, ऐकवावं लागतं. उद्या असं करा. लेकीला तिच्या कागदावरचा लांब धरायचा सूर विचारा. माझा अंदाज, तो तिचा ई असेल, पहिल्या पुस्तकांत तिसऱ्या क्लॅरिनेटला तो फार येतो. तिचा ई म्हणजे तुमची पांढरी दोन. आधी तिला गप्प बसवा आणि तुम्ही काळी पाच आणि पांढरी चार एकत्र धरा. सा आणि प. ऐकायला नीटनेटकं, पण पोकळ. आता तिला तिचा ई लांब धरायला सांगा. काळी पाचच्या सा वर तो शुद्ध गंधार आहे. खोलीतला दिवा लागल्यासारखं होईल.

ती तोच सूर धरून असताना तुम्ही पांढरी चार सोडा आणि काळी पाचबरोबर पांढरी पाच धरा. आता तिचा तोच सूर पंचम झाला, आणि सगळा भाव बदलला, जरा उदास झाला. मग हे दोन्ही सोडून पांढरी चार आणि पांढरी सहा धरा. आता ती स्वतःच सा आहे. तिने एकही बोट हलवलेलं नाही आणि तीन वेळा तिची भूमिका बदलली. पहिली क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मैत्रिणीला हे इतक्या सावकाश ऐकायला मिळत नाही, तिचं लक्ष पुढच्या सुराकडे असतं.

अजून एक, आणि हे मी माझ्या आठवीच्या मुलांनाच सांगते, पण तुम्ही तंबोरा लावलेला असेल तर तुम्हाला लगेच कळेल. पेटीवरचा गंधार किंचित चढा असतो. तंबोरा जुळून आला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो पेटीच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला, सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा. चांगल्या बँडमध्ये ज्याच्याकडे गंधार असेल त्याला शिक्षक सांगतात, "तुझ्याकडे थर्ड आहे, जरा खाली घे." ते काम ज्या मुलाच्या कानाला जमतं त्याला मी मुद्दाम आतला भाग देते. पहिला भाग कधीकधी बोटं जलद असलेल्याला जातो. आतला भाग मी कान असलेल्याला देते.

आणि ती आठ मेझरची शांतता. ती मोजणं हे वाजवण्याइतकंच काम आहे. "एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार" असं मोजायचं, प्रत्येक मेझरचा पहिला आकडा मेझरचा. धाकिटना हे सांगायला नको, आवर्तन मोजून समेवर येणं हेच ते. चाल वाजवणारं मूल चालीला धरून पुढे जातं. ज्याला आठ मेझर गप्प राहून नेमक्या क्षणी, कोणी खूण न करता, सूर लावायचा आहे, त्याला सगळं गाणं डोक्यात धरावं लागतं. पहिल्या वर्षी हे कोणालाच जमत नाही. सगळे शेजाऱ्याकडे बघतात, शेजारी त्यांच्याकडे बघत असतो.

---

निनाद_७

हॉर्नबद्दल एक ओळ मिळेल का? बोटं बरोबर असतात, तरी सूर वेगळाच लागतो. कधी वरचा, कधी खालचा.

---

षड्जपंचम

कारण हॉर्नवर एकाच बोटांच्या ठेवणीत बरेच सूर असतात, आणि मुलं जिथे वाजवतात तिथे ते एकमेकांना खेटून बसलेले असतात. कुठला लागेल ते ओठ ठरवतात, आणि ओठांना कान सांगतो. सूर आधी डोक्यात ऐकू आला नाही तर तो हॉर्नमधून येत नाही. म्हणून वाजवायच्या आधी गाऊन घ्यायचं. तुम्ही कीबोर्डवर सूर द्या, त्याला "सा" म्हणून म्हणू दे, मग फुंकू दे. त्याच्या सी साठी पांढरी चार द्या, विसरू नका.

---

अबोली

लिहायला उशीर झाला, मध्ये कॉन्सर्ट होती.

तो प्रयोग केला. तिचा सूर ईच होता. काळी पाच, पांढरी चार धरली, तिने ई लावला, आणि दोघी थांबलोच. मग पांढरी पाचवर गेले तर तिने वाजवता वाजवताच भुवया वर केल्या. संपल्यावर म्हणाली, "परत." त्या संध्याकाळी वीस मिनिटांच्या जागी तासभर झाला आणि मी घड्याळाकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना बोलावलं, त्यांना दोन पट्ट्यांवर बोटं ठेवून दिली आणि म्हणाली, "तुम्ही दाबून ठेवा, मी गाणं बदलते."

बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की पहिल्या सत्रात त्या भाग फिरवतात, आणि हिला तिसरी दिली कारण ही सूर धरून ठेवते, डगमगत नाही. हे मी लेकीला सांगितलं नाही, बाईंनाच सांगायला सांगितलं. त्यांनी वर्गात सांगितलं.

कॉन्सर्टला आम्ही मागच्या रांगेत होतो. तिचा आवाज वेगळा ओळखू येईल असं वाटलं होतं, नाही आला. मग मी तिच्या पायाकडे बघत राहिले. ती आठ मेझर आली तेव्हा तिच्या काळ्या बुटाचं टोक हलत होतं. शेजारची दोन मुलं तिच्याकडे बघत होती. तिने वाद्य वर उचललं, त्या दोघांनी उचललं, आणि तिघं एकत्र आत आली.

आता नवीन पान आलंय. त्यात ब्रेक, म्हणजे खालच्या आणि वरच्या सुरांमधला सांधा, ओलांडायचा आहे म्हणे, अंगठ्याने मागची कळ दाबून वरचे सूर. तिला वाटलं होतं वरचा तोच सूर येईल, फ्लूटवाल्या मैत्रिणीला तसा येतो. हिला भलताच येतोय.

---

षड्जपंचम

तुमचा बुटाचा प्रसंग मी माझ्या मुलांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

ब्रेकचं असं: फ्लूट आणि सॅक्सोफोन जोरात किंवा कळ दाबून वर गेले की सा चा तार सा येतो. क्लॅरिनेट एका टोकाला बंद असलेली, सरळ एकाच जाडीची नळी आहे. तिच्यात सम संख्येची आंदोलनं नीट उभीच राहत नाहीत, त्यामुळे ती सा वरून उडी मारते ती थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर. खालचा एफ धरून कळ दाबली की वरचा सी येतो. तिचं वाद्य बरोबर आहे, तिचा कानही बरोबर आहे. पेटीवर तिचा खालचा एफ काढा, त्याला सा म्हणा, तार सप्तकातला प तिला म्हणून दाखवा, मग तिला कळ दाबायला सांगा.

अवघड भाग वेगळा आहे. ब्रेकच्या अलीकडच्या सुराला जवळजवळ सगळी बोटं उचललेली असतात, पलीकडच्याला सगळी एकदम झाकायची. म्हणून अलीकडचा सूर वाजवतानाच उजव्या हाताची बोटं झाकून ठेवू दे, सुरात फार फरक पडत नाही आणि अर्धं काम आधीच झालेलं असतं. एका वेळी दोनच सूर, आणि आठवडाभर एवढंच.

---

धाकिट

अबोली, तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. समेवर येणं हे असंच असतं.

---

निनाद_७

पांढरी चार दिली. त्याने आधी म्हटला, मग वाजवला. पहिल्या फुंकरीला लागला नाही, दुसऱ्या फुंकरीला लागला, आणि मग त्याने तो इतका वेळ धरला की खालच्या मजल्यावरून त्याची बहीण काय झालं म्हणून वर आली.